वाचक विचारतात : पुस्तकांचं कपाट आणि फावल्या वेळचे प्रोग्राम

पेशा प्रोग्रामिंगचा आणि नाद वाचनाचा, अशा वाचकांची पत्रं या वेळी निवडली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : पुस्तकांतल्या वाक्यांतून वेळ सांगणारी इंग्रजी घड्याळं पाहिली. दर मिनिटाला ती वेळ ज्यात आली आहे असं एखाद्या कादंबरीतलं वाक्य पडद्यावर येतं. मराठीत असं घड्याळ करायचं आहे. कोणता ई-इंक पडदा (कागदासारखा दिसणारा) मागवू? (नाशिक)

उत्तर : पडदा सर्वांत शेवटी मागवा. या घड्याळाचा जीव वाक्यांच्या साठ्यात असतो आणि काम बहुधा तिथेच अडतं. दिवसाची मिनिटं १४४०. मराठी कथा-कादंबऱ्यांत 'चार वाजून सदतीस मिनिटांनी' क्वचितच कोणी येतं. माणसं सव्वाचारला येतात, साडेचारला चहा होतो, पावणेपाचला ती उठतात. तेव्हा मिनिटाचा हट्ट सोडा आणि पाव तासाचे ९६ खाने धरा. यात तडजोड काही नाही; मराठीतली बोलती वेळ मुळातच पावकीने चालते. शिवाय ई-इंक पडद्यालाही तेच मानवतं.

मजकूर युनिकोडमधला हवा. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं मराठी विकिस्रोतावर मिळतात, तिथून सुरुवात करा. आकड्यांपेक्षा अक्षरी शब्द शोधा : वाजता, वाजले, वाजून, वाजायला, सव्वा, साडे, पावणे, पाऊण, दीड, अडीच. 'साडेएक' आणि 'साडेदोन' नसतात, त्यांच्या जागी दीड आणि अडीच येतात. नुसतं 'सव्वा वाजता' म्हणजे १:१५, 'पाऊण वाजला' म्हणजे १२:४५, 'दहाला पाच कमी' म्हणजे ९:५५. जाळ्यात नको ते मासेही भरपूर येतील : सव्वाशे रुपये, साडेसाती, दीडशहाणा, अडीच शेर, पावणेदोन मैल. म्हणून सापडलेल्या शब्दाच्या पुढच्या तीन-चार शब्दांत 'वाज'चं एखादं रूप किंवा त्या शब्दालाच लागलेला 'ला' आहे का, हे प्रोग्रामने पाहावं. 'त्याचे बारा वाजले' हे मात्र हातानेच वेचून काढावं लागतं.

इथे पायथनवाल्यांची हमखास फसगत होते. पायथनसोबत येणारं 'आरई' मॉड्यूल मात्रांना अक्षर मानत नाही. त्यामुळे शब्दाची हद्द दाखवणारी खूण शब्दाच्या पोटातच लागते, आणि 'वाजता'चे शब्द पाडायला सांगितले तर 'व' आणि 'जत' असे तुकडे हाती येतात. वेगळं बसवावं लागणारं 'रेजेक्स' मॉड्यूल मात्रा, अनुस्वार, हलन्त धरून शब्द ओळखतं, तेच वापरा. दुसरी अडचण जुन्या शुद्धलेखनाची. १९६२च्या नियमांआधीच्या पुस्तकांत 'पांच वाजतां' असे अनुस्वार सापडतील. शोधासाठी मजकुराची एक वेगळी प्रत करून तिच्यातले आणि शोधायच्या शब्दांतलेही सगळे अनुस्वार काढून टाका. पडद्यावर दाखवायला मूळ प्रतच ठेवा. जुनं लेखन सुधारून दाखवू नका, त्यातच मजा आहे.

तक्त्यात सहा रकाने पुरतात : ० ते १४३९ मधलं मिनिट, वेळ नेमकी की अंदाजे, ठळक करायचे शब्द, वाक्य, पुस्तक व लेखक, पान. वाक्यात सकाळ-संध्याकाळ स्पष्ट नसेल तर मागचा-पुढचा परिच्छेद वाचून ठरवा. तरीही कळलं नाही तर ते वाक्य दोन्ही खान्यांत टाकायला हरकत नाही.

रात्री दोन ते चारचे खाने बहुतेक रिकामे राहतील. त्या वेळी पात्रं झोपलेली असतात किंवा घड्याळ पाहायच्या मनःस्थितीत नसतात. तिथे प्रहर, घटका, मध्यरात्र, पहाट यांची वाक्यं घाला. घटका २४ मिनिटांची, अहोरात्रात ६०, आणि मोजणी सूर्योदयापासून. प्रहर दिवसाचे चार, रात्रीचे चार. सूर्योदय मुंबईत जूनच्या सुरुवातीला सुमारे सहाला, तर जानेवारीच्या मध्यात सव्वासातच्या आसपास असतो. म्हणजे अक्षांश-रेखांशावरून रोजचा सूर्योदय-सूर्यास्त काढणारं छोटं गणित प्रोग्रामात लागेल. तेवढे कष्ट घेतलेत तर 'दिवेलागण' आणि 'तिन्हीसांजा' ऋतूप्रमाणे आपोआप सरकतील. आमच्या मते इंग्रजी घड्याळाची नक्कल इथे संपते आणि मराठी घड्याळ सुरू होतं.

साठा साठ-सत्तर खान्यांपर्यंत गेला की खरेदी करा. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (हा छोटा संगणक; पुढे नुसता 'पाय'), ५ व्होल्ट २.५ अँपिअरचा पुरवठा, ८ जीबी किंवा मोठं कार्ड, साडेसात इंची काळा-पांढरा ई-पेपर (ई-इंक) पडदा आणि त्याची जोडपट्टी. पायवर पिना आधीच झाळलेल्या आहेत ना, हे घेताना पाहा. साडेसात इंची पडद्याची जुनी आवृत्ती ६४० × ३८४ ठिपक्यांची होती, नंतरची ८०० × ४८०. प्रोग्रामात चुकीच्या आवृत्तीचा ड्रायव्हर घातला की पडदा कोरा राहतो किंवा प्रोग्राम 'बिझी'वर अडकून बसतो. सेटिंगमधून एसपीआय (पाय आणि पडदा यांच्यातली जोडणी) चालू करायला विसरू नका. पूर्ण पडदा बदलताना तो काही सेकंद काळा-पांढरा लुकलुकतो, आणि अशा दोन बदलांत किमान तीन मिनिटं ठेवावीत असं पडदा बनवणारे सांगतात. पंधरा मिनिटांच्या खान्यांत हा प्रश्नच येत नाही. चित्र उमटलं की पडद्याला झोपवण्याची आज्ञा द्या. त्यावर व्होल्टेज सतत राहिलं तर तो कायमचा खराब होऊ शकतो. पडद्याची रिबन चौकटीच्या कडेवर दुमडू नका, ती तुटली की पडदा गेला.

या पायमध्ये वेळ धरून ठेवणारं घड्याळ नसतं. वीज गेली आणि वायफायही नसलं तर घड्याळ भलतीच वेळ दाखवेल. त्यासाठी डीएस३२३१ हे बॅटरीवर वेळ राखणारं मॉड्यूल लावा. त्याच्या स्वस्त निळ्या पाट्यांत बॅटरी चार्ज करणारी जोडणी असते. ५ व्होल्टवर चालवून त्यात साधी सीआर२०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी घातली तर चार्ज न होणारी ती बॅटरी चार्ज व्हायला लागते, फुगते. मॉड्यूल ३.३ व्होल्टवरच जोडा; पायच्या पिनांनाही तेच सुरक्षित. सगळं नीट चालल्यावर कार्डाची फाइल-व्यवस्था 'ओव्हरले' करून फक्त वाचण्याजोगी करा, म्हणजे वीज अवेळी गेली तरी कार्ड बिघडत नाही.

आता अक्षरं. पिलो या पायथनच्या चित्रं करणाऱ्या लायब्ररीने चित्र केलंत आणि 'किती'मधली वेलांटी 'क'च्या मागे गेली किंवा जोडाक्षरांत हलन्ताचे पाय लोंबायला लागले, तर फाँट निर्दोष आहे. पिलोला 'राक्म' लायब्ररी सापडलेली नाही. देवनागरीची जुळणी तीच करते. ती आहे का हे पिलोच्या 'फीचर्स'मधून तपासता येतं. मजकूर काढताना भाषा मराठी असल्याचंही सांगा, म्हणजे ज्या फाँटांत मराठी वळणाचे 'श' आणि 'ल' आहेत ते हिंदी वळण सोडतात. टिरो देवनागरी मराठी हा फाँट तर याच वळणासाठी केलेला आहे. ८०० ठिपक्यांच्या रुंदीवर पंचवीसेक शब्दांचं वाक्य ३४-३६ ठिपक्यांच्या अक्षरांत बसतं. ओळींतलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. बारीक अक्षरं या पडद्यावर तुटक दिसतात, त्यामुळे एक वजन जाड घ्या.

प्रश्न : घरात दीडएक हजार पुस्तकं आहेत, निम्मी आजोबांची. फोनने बारकोड वाचून एक्सेलमध्ये यादी केली, तर क्रमांक बिघडले आणि एकच लेखक तीन ठिकाणी दिसतो. जुन्या पुस्तकांना बारकोडच नाही. (कोल्हापूर)

उत्तर : एक्सेलने तेरा आकडी आयएसबीएनला (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाला) संख्या समजून आखडून टाकलं आणि दहा आकडी क्रमांकांच्या सुरुवातीचं शून्य खाल्लं. तो रकाना भरण्याआधीच 'मजकूर' करायला हवा होता. आता एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसकडे वळलात तरी तिथेही आयएसबीएन मजकूर म्हणूनच ठेवा. दहा आकडी क्रमांकात शेवटी 'एक्स' असू शकतो.

प्रत्येक क्रमांक नोंदवताना तपासा. तेरा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करा. तिला दहाने नि:शेष भाग गेला पाहिजे. सुरुवात ९७८ किंवा ९७९ने झाली पाहिजे. भारतीय पुस्तकांत त्यापुढे बहुधा ८१ किंवा ९३ असतं. स्कॅनरने ८९०ने सुरू होणारा आकडा दिला तर तो मालाचा बारकोड आहे, आयएसबीएन नव्हे. तेरा आकडी पद्धत १ जानेवारी २००७ पासून आली. त्याआधीच्या दहा आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा काढा, पुढे ९७८ लावा आणि नवा तपास-आकडा काढा.

आजोबांच्या पुस्तकांसाठी स्वतःचा क्रमांक द्या आणि तो पेन्सिलीने मलपृष्ठाच्या आत लिहा. चिकटपट्टी नको, तिचा डिंक जुना कागद खातो. शीर्षकपानावर 'शके' असेल तर ते जसंच्या तसं एका रकान्यात ठेवा आणि ७८ मिळवून आलेलं इसवी सन दुसऱ्यात. शकाच्या शेवटच्या तीनेक महिन्यांत छापलेल्या पुस्तकाला ७९ लागतं, म्हणून या रकान्यापुढे 'सुमारे' अशी खूण असू द्या.

तक्ते तीन करा : व्यक्ती, कृती, प्रत. एकाच कादंबरीच्या दोन आवृत्त्या म्हणजे एक कृती आणि दोन प्रती. कपाट, फळी आणि 'कोणाला वाचायला दिलं' हे प्रतीपाशी लिहायचं. हा शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी ठरतो.

लेखक तीन ठिकाणी का दिसतो, ते डोळ्यांना कळत नाही. 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून टंकता येतं आणि 'अ'वर चंद्र देऊनही; दिसतं सारखंच, संगणकाला वेगळं. 'दऱ्या'मधला 'ऱ्य' दोन प्रकारे येतो : नुक्त्याच्या 'ऱ'ला हलन्त देऊन, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी लेखनं एका रूपात आणणारं) या दोन्ही जोड्या एक करत नाही. ते आधी चालवा आणि या दोन अदलाबदली स्वतः लिहा. पण झेडडब्ल्यूजे सरसकट पुसू नका, नाहीतर 'दऱ्या'चं 'दर्या' होईल. आद्याक्षरांतली टिंबं आणि मोकळ्या जागाही एका पद्धतीत आणा. क्रम लावताना युनिकोडच्या आकड्यांवर विसंबलात तर 'ळ' हा 'ल'च्या शेजारी जाऊन बसतो. आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीची मराठी क्रमवारी वापरा.

प्रश्न : 'लीलावती'चं भाषांतर वाचतोय. त्यातल्या रीतींवर प्रोग्राम लिहायचे आहेत. चक्रवाल पद्धत त्यात सापडली नाही. (ठाणे)

उत्तर : सापडणार नाही. भास्कराचार्यांनी ती 'बीजगणिता'त दिली आहे. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे दोन्ही ११५०च्या 'सिद्धान्तशिरोमणी'चे भाग.

'लीलावती'तून सुरुवात कुट्टकाने करा. त्यातलं उदाहरण : २२१ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळवले असता १९५ने नि:शेष भाग जातो? भाज्य २२१, हार १९५, क्षेप ६५. तिघांनाही १३ने भाग जातो, म्हणून १७, १५, ५ करून घ्या. गुण ५, लब्धी ६. पडताळा : २२१ × ५ + ६५ = ११७०, आणि ११७० ÷ १९५ = ६. हे संक्षेपण विसरलात तर व्यस्त काढणारी पायरी अडते, कारण २२१ आणि १९५ सहमूळ नाहीत, म्हणजे त्यांना सामाईक भाजक आहे. भाज्य-हारांच्या सामाईक भाजकाने क्षेपाला भाग जात नसेल तर उत्तरच नाही; भास्कराचार्य अशा प्रश्नाला 'दुष्ट' म्हणतात. तुमच्या प्रोग्रामचा त्रुटी-संदेशही तोच असू द्या. चाचणीसाठी मोडलेल्या वेळूचं उदाहरणही सोपं आहे : ३२ हात वेळू, टोक बुंध्यापासून १६ हातांवर टेकलं, तर मोडला १२ हातांवर.

मग चक्रवाल, म्हणजे पुढच्यासारख्या समीकरणाचं पूर्णांकांतलं उत्तर फेऱ्याफेऱ्यांनी काढायची रीत. क्ष² − ६१य² = १ घ्या. सुरुवात क्ष ८, य १ आणि शेष ३ (६४ − ६१). आता असा म शोधा की ८ + १ × म ला ३ने भाग जाईल आणि म² हा ६१च्या शक्य तितका जवळ असेल. १, ४, ७, १० या उमेदवारांत ७ जवळचा. नवा क्ष (८ × ७ + ६१ × १) ÷ ३ = ३९, नवा य (८ + ७) ÷ ३ = ५, नवा शेष (४९ − ६१) ÷ ३ = −४. पुढच्या फेरीत म ९ येतो आणि त्रिकूट १६४, २१, −५. शेष १ होईपर्यंत हेच चक्र. क्ष आणि य यांना भागताना शेषाचं निरपेक्ष मूल्य घ्या, नवा शेष काढताना मात्र चिन्हासकट. ऋण संख्येची बाकी सी आणि पायथन वेगवेगळी देतात, त्यामुळे म शोधतानाही निरपेक्ष मूल्यच वापरा. आणखी एक चूक नेहमी होते : सर्वांत लहान म घेणं. तो नको, ज्याचा वर्ग ६१च्या जवळ तो हवा.

उत्तर येतं क्ष = १७६६३१९०४९, य = २२६१५३९८०. जावास्क्रिप्टच्या साध्या संख्यांत याचा पडताळा कधीच १ येणार नाही. इतक्या मोठ्या वर्गांपाशी तिथल्या दोन लगतच्या संख्यांतलं अंतर ५१२ असतं. कितीही मोठे पूर्णांक धरणारा बिगइंट वापरा. ६४-बिटी पूर्णांकात ६१चा पडताळा बसतो, पण १०९ घेतलात (क्ष = १५८०७०६७१९८६२४९) तर तोही फुटतो. पायथनला ही अडचण नाही.

−४ शेष आला की ब्रह्मगुप्ताच्या 'भावने'ने (दोन उत्तरं जोडून तिसरं काढायच्या रीतीने) थेट उत्तराकडे उडी मारता येते. ती रीत दुसरी म्हणून लिहा आणि दोन्हींची उत्तरं ताडून पाहा.

प्रश्न : आजीला तिचं लहानपणीचं पुस्तक मोठ्या अक्षरांत हवं आहे. स्कॅन करून ई-पुस्तक करणं कायदेशीर आहे का? (बंगळुरू)

उत्तर : भारतात लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. १९६५ साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२६ला खुलं झालं. ह. ना. आपटे १९१९ साली गेले, त्यांच्याबाबत प्रश्नच नाही. अनुवाद असेल तर अनुवादकाचं साल वेगळं पाहा. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या पुस्तकाची मोजणी प्रकाशनाच्या वर्षावरून होते. नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टीपा, चित्रं यांचे हक्क निराळे, म्हणून जुनी आवृत्ती स्कॅन करा.

स्कॅन ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), करड्या रंगात. चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या प्रोग्रामचं मराठी मॉडेल वापरा. ते ध-घ, भ-म आणि ख-रव यांत गफलत करतं आणि अनुस्वार गाळतं, त्यामुळे एकदा ओळीने वाचणं टळत नाही. ईपब या ई-पुस्तकाच्या प्रकारातली फाइल ही झिप फाइलच असते. तिच्यात 'माइमटाइप' ही फाइल पहिली आणि न दाबलेली हवी. हाताने झिप करणाऱ्यांचं पुस्तक इथेच नापास होतं. ईपबचेक या तपासणीच्या प्रोग्रामने तपासून घ्या. भाषा मराठी नोंदवा, फाँट आत भरा, आणि ओळी दोन्हीकडून ताणू नका. मोठ्या अक्षरांत ओळीत चार-पाच शब्दच मावतात आणि मध्ये खिंडारं पडतात.

प्रश्न : तांत्रिक पुस्तकं शंभराव्या पानापुढे जात नाहीत. प्रकल्पही अर्धवट राहतात. (पुणे)

उत्तर : शंभराव्या पानाच्या आसपास बहुधा पुस्तकातला कोड चालेनासा झालेला असतो. पुस्तक छापलं तेव्हाची लायब्ररी आणि तुमच्या यंत्रावरची यांत काही वर्षांचं अंतर असतं. पहिल्या पानाआधीच पुस्तकाच्या सालची आवृत्ती वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (इतर प्रोग्रामांपासून अलग ठेवलेल्या जागेत) बसवा आणि प्रकाशकाच्या संकेतस्थळावरची चुकांची दुरुस्ती उतरवून घ्या. कोड चिकटवू नका, टंका. टंकताना झालेल्या चुकांच्या संदेशांतून निम्मं प्रकरण समजतं. प्रकरणाच्या शेवटचे दोनच स्वाध्याय करा, पण मागची उत्तरं न पाहता.

प्रकल्पाबद्दल एवढंच : एका पुस्तकाला एक, एका फाइलीत मावणारा, आणि ज्याचं उत्तर बरोबर आलं हे पुस्तकाच्याच पानावरून ताडता येईल असा. लॉग-इन, वेबपान, ॲप हे त्यात पहिल्या दिवशी शिरलं की पुस्तक मागे पडतं. संदर्भग्रंथ मात्र सलग वाचायला घेऊच नका. ते हवं ते प्रकरण काढून वाचायचे असतात, आणि 'अर्धवट'च्या यादीतली बरीच पुस्तकं त्याच जातीची निघतील.